जुन्या मुद्रित तसबिरी : संग्रह, बाजारमूल्य आणि इतिहासमूल्य

प्रस्तावना

मराठी घराच्या भिंतीवरील तसबीर ही इतकी परिचित वस्तू आहे की, तिच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला फारशी लागलेली नाही. ताम्रपट, बखरी, दप्तरे, नाणी यांना साधन म्हणून जी प्रतिष्ठा लाभली, ती देवघरातील लक्ष्मीच्या किंवा सोप्यातील दत्तात्रेयाच्या छापील चित्राला लाभली नाही. ही चित्रे हजारोंच्या संख्येने छापली गेली, जत्रेत व बाजारपेठेत अल्प किमतीत विकली गेली आणि जीर्ण झाल्यावर नदीत सोडून देण्यात आली. परंतु गेल्या काही दशकांत परिस्थिती पालटली आहे. एकेकाळी कोणीही जपून ठेवण्याच्या योग्यतेची मानली नव्हती अशी ही चित्रे आज संग्राहकांच्या कपाटात आणि लिलावगृहांच्या सूचीत स्थान मिळवत आहेत. जुन्या वस्तू विकत घेणारे व्यापारी आता तालुक्याच्या गावीही पोहोचले असून चौकटीतील चित्राला ते किंमत देऊ करतात.

स्वस्त व विपुल असलेली छापील वस्तू कालांतराने मौल्यवान का ठरते, हा या निबंधाचा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो : बाजार ज्या गुणांना किंमत देतो, तेच गुण इतिहासाच्या अभ्यासकालाही मोलाचे असतात काय?

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. (१) मुद्रित वस्तूच्या संग्रहमूल्याचे घटक स्पष्ट करणे. (२) महाराष्ट्रातील शिळाछाप तसबिरींना हे घटक कसे लागू पडतात ते तपासणे. (३) आष्टा व परिसरासारख्या ठिकाणी या साधनांच्या नोंदीची निकड मांडणे. निबंधाची व्याप्ती सामान्यतः १८७८ ते १९४७ या काळातील मुद्रित चित्रांपुरती मर्यादित आहे. मूळ तैलचित्रे हा या निबंधाचा विषय नाही. मूळ चित्र एकच असते, त्यामुळे त्याच्या मूल्याची मीमांसा निराळी ठरते. येथे विचार आहे तो ज्याच्या असंख्य प्रती निघाल्या त्या चित्राचा.

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण

छापील वस्तूच्या संग्रहमूल्याची यंत्रणा सर्वांत उघडपणे दिसते ती अमेरिकेतील बेसबॉल कार्डांच्या बाबतीत. आपल्याकडे बेसबॉलचा परिचय नसला तरी हे उदाहरण प्रस्तुत विषयास उपकारक आहे; कारण तेथे किंमत कशी घडते याच्या नोंदी उपलब्ध आहेत.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची रंगीत चित्रे असलेली लहान कार्डे वाटली. पाकीट ताठ राहावे आणि गिऱ्हाईक टिकावे एवढाच त्यांचा हेतू होता. या मालेतील होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड लवकरच छापणे थांबले. तंबाखूच्या प्रसाराशी आपले नाव जोडले जाऊ नये असे त्यास वाटले, असे एक मत आहे. मोबदल्याच्या प्रश्नावरून त्याने संमती नाकारली, असे दुसरे. कारण कोणतेही असो, त्याच्या अवघ्या काही डझन प्रती आज ज्ञात आहेत. त्यांपैकी एक प्रत २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. उत्पादनच अल्प झाल्याने आलेली ही दुर्मिळता होय.

दुसरे उदाहरण निराळ्या प्रकारच्या दुर्मिळतेचे आहे. टॉप्स या कंपनीने १९५२ साली काढलेल्या मालेत मिकी मँटल या खेळाडूचे कार्ड होते. या मालेचा उत्तरार्ध हंगाम संपताना बाजारात आला व बराचसा पडून राहिला. न विकलेले हे गठ्ठे १९६० मध्ये बोटीवर लादून समुद्रात बुडवले, असे ती माला तयार करणारे साय बर्गर यांनी पुढे सांगितले. गोदामातील जागा अडवणारा निरुपयोगी कागद, अशीच तेव्हा त्या कार्डांची किंमत होती. त्याच मालेतील मँटलचे उत्तम अवस्थेतील एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. येथे छपाई कमी झाली नव्हती. नाश मोठा झाला होता.

या दोन उदाहरणांना एक उलट बाजूही आहे. जुन्या कार्डांच्या किमती वाढताना पाहून १९८० नंतरच्या दशकात लोकांनी नवी कार्डे जपून ठेवण्यासाठीच खरेदी केली आणि कंपन्यांनीही ती बेसुमार छापली. परिणामी त्या काळातील बहुतेक कार्डांना आज नाममात्र किंमत आहे. सर्वांनी जपलेली वस्तू दुर्मिळ होत नाही. वस्तू मौल्यवान होण्यासाठी तिच्या स्वतःच्या काळात ती टाकाऊ मानली जावी लागते, हा या व्यवहारातील विरोधाभास आहे.

आणखी एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. १९९१ मध्ये पीएसए या संस्थेने कार्डांच्या अवस्थेस १ ते १० अशी श्रेणी देण्यास आरंभ केला. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्राची समास-मध्यता यांवर श्रेणी ठरू लागली व एका श्रेणीच्या फरकाने किंमत अनेक पटींनी बदलू लागली. या संस्थेने प्रथम श्रेणी दिलेले कार्ड वॅग्नरचेच होते. त्याच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या, अशी कबुली बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. जे कार्ड त्या काळचे सर्वांत निर्दोष म्हणून गाजले, त्याचे निर्दोषत्वच कात्रीने घडवलेले होते. बाजाराच्या निकषांनी वस्तूचे रूपच कसे बदलू शकते, याचे हे उदाहरण पुढील विवेचनात ध्यानात ठेवावयाचे आहे.

महाराष्ट्रातील मुद्रित तसबीर

शिळामुद्रणाचा शोध आलॉइस सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत लावला. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने उलटे चित्र काढावयाचे, शिळा ओली करावयाची आणि वर शाईचा रूळ फिरवावयाचा. तेल व पाणी परस्परांत मिसळत नसल्याने शाई फक्त चित्राच्या रेषांना लागते. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाची स्वतंत्र शिळा लागे आणि प्रत्येक कागद तितक्याच वेळा दाबाखालून जाई. रंग एकमेकांवर अचूक बसवणे हे कारागिराचे कसब असे. अखेरीस चकाकीचे रोगण देऊन किंवा कॅनव्हासची वीण उठवून त्यास तैलचित्राचा आभास दिला जाई. अशा चित्रांना ‘ओलिओग्राफ’ ही संज्ञा प्राप्त झाली.

महाराष्ट्रात या व्यवसायास वैचारिक अधिष्ठान मिळाले ते पुण्यातील चित्रशाळा छापखान्यामुळे. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या या छापखान्याने रामपंचायतनासारखी देवतांची चित्रे जशी काढली, तशीच मराठ्यांच्या इतिहासातील पुरुषांचीही काढली. निबंधमालेतून स्वत्वाचा पुरस्कार करणाऱ्या व्यक्तीस चित्रांच्या छापखान्याची आवश्यकता वाटावी, ही घटना अर्थपूर्ण आहे. ज्यास वाचता येत नव्हते त्याच्या घरातही तसबीर पोहोचत होती.

या व्यवसायाचा सर्वाधिक विस्तार झाला तो राजा रविवर्मा यांच्या छापखान्यामुळे. आपल्या चित्रांना इतकी मागणी आहे की एका हाताने ती पुरवणे शक्य नाही, तेव्हा ती युरोपात पाठवून छापून घ्यावीत, असा सल्ला सर टी. माधवराव यांनी त्यांना दिला होता. पुढे रविवर्मा व त्यांचे बंधू सी. राजराज वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईतच छापखाना सुरू केला. यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीहून आणले. ‘शकुंतलाजन्म’ हे तेथील पहिले चित्र होय. १८९६ पासून मुंबईत प्लेगची साथ पसरली. पुढे १८९९ च्या सुमारास छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९०६ मध्ये रविवर्मा निवर्तले, तरी त्यांच्या नावाने चित्रे निघतच राहिली. चलच्चित्रसृष्टीचे आद्य निर्माते दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काही काळ काम केले होते. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत छापखान्याची मोठी हानी झाली.

ही चित्रे केवळ चौकटीतच राहिली नाहीत. कापडाच्या गाठींवरील कागद, परदेशी बनावटीच्या आगपेट्यांवरील छाप, पोस्टकार्डे, दिनदर्शिका अशा अनेक रूपांत ती लोकांपर्यंत गेली. कोल्हापूरचे सुपुत्र महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांची पोस्टकार्डावरील चित्रे आणि पुढील काळात रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल यांची दिनदर्शिका व दिवाळी अंकांची चित्रे यांनी हीच परंपरा पुढे नेली. एर्विन नॉयमायर व क्रिस्टीन शेलबर्गर यांचा २००३ मधील आणि क्रिस्टोफर पिनी यांचा २००४ मधील ग्रंथ प्रसिद्ध झाल्यापासून या मुद्रित चित्रांच्या अभ्यासास विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली. अभ्यास वाढला तसा संग्रहही वाढला, आणि संग्रह वाढला तशा किमती.

बाजारमूल्याचे निकष

तसबिरीची किंमत ठरवताना संग्राहक व व्यापारी साधारणतः पुढील बाबी विचारात घेतात.

(१) छापखाना व आवृत्ती : चित्राच्या खालच्या समासातील बारीक ओळ ही तसबिरीची जन्मपत्रिका होय. ‘मुंबई’, ‘कार्ला-लोणावळा’, ‘मळवली’ अशा छापखान्याच्या पत्त्यातील फरकावरून मुद्रणकाळाचा अंदाज बांधता येतो. एकच चित्र निरनिराळ्या पत्त्यांनिशी पुन्हा पुन्हा छापले गेले. आरंभीच्या प्रतींस मागणी अधिक असते. तसबीर मढवणारे कारागीर चित्र चौकटीत बसावे म्हणून हा समास सहज कापून टाकीत. ओळ गेली की काळ गेला व त्याबरोबर किंमतही गेली.

(२) अस्सलता : लोकप्रिय चित्रांच्या नकला त्याच काळात निघत होत्या आणि अलीकडे ऑफसेट पद्धतीने छापलेल्या प्रती जुन्या म्हणून विकल्या जातात. भिंगाखाली पाहिले असता ऑफसेट चित्रात ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. शिळाछाप चित्रात हाताने टिंबलेले, आकाराने असमान ठिपके आणि रंगांचे सलग थर आढळतात. कागदाचा पोत, रोगणाचा पिवळेपणा यांचाही विचार करावा लागतो. तथापि केवळ पिवळेपणावर विसंबणे धोक्याचे असते, कारण कागद चहाच्या पाण्यानेही पिवळा करता येतो.

(३) अवस्था : फाटणे, घडीची रेघ, वाळवीची भोके, ओलीचे वलय, तांबूस डाग, रंग उडणे या सर्वांनी किंमत घटते. चौकटीच्या मागील लाकडी फळीतील आम्ल कागदात उतरून फळीच्या रेषांचे डाग चित्रावर पडतात. पाऊसमानाच्या प्रदेशात निर्दोष प्रत मिळणे कठीण असते.

(४) विषय : लक्ष्मी व सरस्वती यांची चित्रे विपुल प्रमाणात छापली गेली, तशीच ती विपुल प्रमाणात टिकली. त्या मानाने ज्यांची मागणी अल्पकाळ होती अशी ऐतिहासिक वा राजकीय चित्रे कमी आढळतात. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्यान्वये शासनाने काही चित्रे जप्तही केली. जप्तीतून वाचलेली प्रत स्वाभाविकपणे दुर्मिळ ठरते.

(५) अलंकरण : काही तसबिरींवर जर, टिकल्या, मणी व कापड चिकटवून देवतेस वस्त्रालंकार घातलेले असतात. छापील प्रत येथे पुन्हा एकमेवाद्वितीय होते. अशा तसबिरींस आता संग्राहकांची विशेष पसंती लाभते.

(६) मालकीपरंपरा : वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याची विश्वसनीय माहिती असल्यास तिची किंमत वाढते.

बेसबॉल कार्डांशी तुलना करता हे निकष जवळजवळ समान दिसतात. दुर्मिळतेच्या कारणांतही साम्य आहे. टॉप्सची कार्डे समुद्रात गेली, आपल्या तसबिरी कृष्णेत गेल्या. काच तडकलेली वा जीर्ण झालेली देवाची तसबीर घरात ठेवू नये, ती वाहत्या पाण्यात सोडावी किंवा देवळाच्या पारावर झाडाखाली नेऊन ठेवावी, ही आपल्याकडील रीत सर्वश्रुत आहे. मात्र एक मूलभूत भेद येथे दृष्टीआड करता येत नाही. कार्डांचे गठ्ठे निरुपयोगी म्हणून बुडवले गेले, तर तसबीर पूज्य होती म्हणून तिचे विसर्जन झाले. एकीचा नाश अवमूल्यनातून झाला, दुसरीचा आदरातून.

निकषांची दुसरी बाजू

या भेदातूनच बाजारमूल्य व इतिहासमूल्य यांतील अंतर स्पष्ट होते. बेसबॉल कार्ड पाहण्यासाठी, जमवण्यासाठी व मित्रांत अदलाबदल करण्यासाठी होते. तसबीर पूजेसाठी होती. तिच्या कपाळावर रोज कुंकू लागे, चौकटीला हार चढे, समोर निरांजन व उदबत्ती जळे. तेलाचा ओशटपणा, धुराची काजळी, हळदीचा डाग ही तिच्या वापराची चिन्हे आहेत. अवस्थेच्या निकषानुसार हे सर्व दोष ठरतात. परिणामी बाजारात सर्वाधिक किमतीची प्रत ती असते, जी कधी पूजली गेलीच नाही. विक्रेत्याच्या गठ्ठ्यात किंवा पेटीच्या तळाशी राहून गेली.

इतिहासाच्या अभ्यासकास मात्र चित्र काय होते याबरोबरच त्याचे लोकांनी काय केले, हे जाणून घ्यावयाचे असते. छापखान्यातून निघालेले चित्र कोणत्या गावी, कोणत्या जातीच्या व कोणत्या परिस्थितीच्या कुटुंबात गेले, देवघरात लागले की सोप्यात, एकटे लागले की राष्ट्रपुरुषांच्या शेजारी, या प्रश्नांची उत्तरे कोऱ्या प्रतीत नसतात. ती असतात मळलेल्या प्रतीत, तिच्या चौकटीत आणि विशेषतः तिच्या पाठीमागे. मढवणाऱ्या दुकानाची चिठ्ठी, फळी व चित्र यांच्यामध्ये घातलेले वृत्तपत्राचे पान, पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली तिथी, यात्रेचे नाव, भेट देणाऱ्याचे नाव ही माहिती दप्तरखान्यात मिळत नाही. सामान्य कुटुंबाच्या सांस्कृतिक जीवनाचा तो लिखित पुरावा असतो. विक्रीसाठी तसबीर ‘स्वच्छ’ करताना सर्वप्रथम हाच पुरावा काढून टाकला जातो. वॅग्नरच्या कार्डाच्या कडा कापल्या गेल्या, तेव्हा निदान एक कार्ड तरी शिल्लक होते. येथे कापले जाते ते चित्राचे गाव.

प्रस्तुत लेखकाच्या आजोळी दत्तात्रेयाची एक जुनी तसबीर होती. घराच्या वाटणीच्या वेळी ती एका फिरत्या खरेदीदारास देण्यात आली. त्याने चित्र काळजीपूर्वक सोडवून घेतले आणि डागाळलेली चौकट व मागची फळी तेथेच ठेवली. चार दिवसांनी ती पाणी तापवण्याच्या बंबात गेली. फळीवर काहीतरी लिहिलेले होते, एवढे घरातील वडीलधाऱ्या मंडळींस स्मरते. ‘औदुंबर’ हा शब्द मामींना आठवतो. साल आठवत नाही, लिहिणाऱ्याचे नाव आठवत नाही. खरेदीदाराने कोणतीही फसवणूक केली नाही. ठरलेली रक्कम त्याने दिली. चित्रही बहुधा कोठेतरी आमच्या घरापेक्षा अधिक सुरक्षित असेल. परंतु त्या घराण्याने ती तसबीर कोणत्या यात्रेत, कोणत्या साली घेतली, या प्रश्नाचे उत्तर देणारे एकमेव साधन बंबात जळाले आणि ते जळताना इतिहासाचा एक पदवीधर त्या घरात उपस्थित होता.

आष्टा परिसराचा संदर्भ

आष्टा हे वाळवा तालुक्यातील सांगली–पेठ मार्गावरील गाव. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण होईपर्यंत हा भाग सातारा जिल्ह्यात समाविष्ट होता. १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. ब्रिटिश अमलाखालील या पट्ट्याच्या सभोवती सांगली, मिरज, औंध, कोल्हापूर ही संस्थाने होती. चित्रकलेच्या दृष्टीने हा परिसर समृद्ध होता. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचे चित्ररामायण १९१६ मध्ये मुद्रित झाले आणि त्यांनी उभारलेले औंध येथील वस्तुसंग्रहालय आजही अभ्यासकांस उपलब्ध आहे. कोल्हापुरात आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यासारखे कलावंत घडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेपर्यंत लोहमार्ग आल्यानंतर पुण्या-मुंबईचा माल या खोऱ्यात सुलभतेने येऊ लागला. औंदुंबर व नरसोबावाडी ही कृष्णाकाठची दत्तक्षेत्रे आणि पंढरपूरची वारी ही तसबिरी घरी आणण्याची स्वाभाविक निमित्ते होती.

याच तालुक्याने १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या चळवळीत महत्त्वाचा वाटा उचलला. त्या चळवळीची कागदपत्रे, आठवणी व मुलाखती यांचे संकलन झाले आहे. परंतु त्या काळात या गावांतील भिंतींवर कोणती चित्रे होती, शिवाजी महाराजांच्या तसबिरीशेजारी गांधीजी होते की भगतसिंग, आणि देवघर व सोपा यांतील ही मांडणी घराघरांत कशी बदलत गेली, याचा अभ्यास चित्रे जागेवर असतानाच होऊ शकतो. सुटे झालेले चित्र ही साक्ष देऊ शकत नाही.

दुर्दैवाने ही चित्रे जागेवर राहण्याचा काळ संपत आला आहे. मातीच्या भिंती जाऊन सिमेंटच्या भिंती आल्या, वाडे वाटले गेले आणि २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी कृष्णाकाठच्या अनेक घरांतील कागद नष्ट केला. ओल्या तसबिरीचे चित्र काचेला चिकटते. घाईने सोडवू गेल्यास रंगाचा थर काचेवर राहतो व हाती पांढरा कागद येतो. अशा वेळी काच न काढता, चित्रासह ती सपाट ठेवून सावलीत सावकाश सुकू देणे व जाणकाराचा सल्ला घेणे श्रेयस्कर असते. परंतु पूर ओसरल्यानंतर चिखल काढणाऱ्या कुटुंबाकडून ही अपेक्षा करणे कठीण आहे.

कायद्याचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे पूर्ण झालेल्या कलाकृती व कारागिरीच्या वस्तू पुरावस्तूंच्या व्याख्येत येतात आणि खाजगी व्यक्तीस त्यांची निर्यात करता येत नाही. रविवर्मांच्या काळातील छापील चित्रांनी ही कालमर्यादा ओलांडली आहे. मात्र कायदा वस्तूस देशाबाहेर जाण्यापासून रोखू शकतो. बंबात जाण्यापासून नाही.

नोंदीची पद्धती

कुटुंबांनी तसबिरी विकू नयेत असे सांगण्याचा अधिकार अभ्यासकास नाही. घराला पैशाची गरज असते, आणि संग्राहकाकडे गेलेले चित्र पुष्कळदा वाचते. संग्राहकांनी जमवले नसते तर आज या विषयाचा अभ्यासच संभवला नसता, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अभ्यासकाची अपेक्षा एवढीच असावी की, वस्तू हलण्यापूर्वी तिची नोंद व्हावी.

ही नोंद महाविद्यालयातील इतिहास विभागास विनासायास करता येण्याजोगी आहे. गावोगावच्या विद्यार्थ्यांनी आपल्या व नातलगांच्या घरातील तसबिरींसाठी एक नोंदपत्रक भरावे. त्यात चित्राचा विषय, लांबी-रुंदी, खालच्या समासातील मजकूर जसाच्या तसा, चौकटीचा प्रकार, मागील चिठ्ठी वा लेखन, तसबीर घरात कोठे लावलेली आहे, तिच्या शेजारी कोणत्या तसबिरी आहेत आणि ती घरी कशी आली याविषयी घरातील ज्येष्ठ व्यक्तीचे निवेदन, एवढ्या बाबी असाव्यात. पुढील व मागील बाजूचे, तसेच संपूर्ण भिंतीचे छायाचित्र घ्यावे. आता त्यासाठी मोबाइल पुरेसा आहे. निवेदन बहुधा घरातील वृद्ध स्त्रियांकडून मिळेल, कारण या वस्तूंची पूजा व निगा त्यांनीच केलेली असते. कुटुंबाच्या संमतीशिवाय नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये. मौल्यवान वस्तू कोणाच्या घरी आहे हे जाहीर होणे त्या घरास त्रासदायक ठरू शकते. चित्र पुसणे, चिकटपट्टी लावणे, समास कापणे हे कटाक्षाने टाळावे.

अशा शंभर नोंदी एकत्र आल्यास एका तालुक्यातील दृश्यसंस्कृतीचे चित्र उभे राहू शकेल. त्यातील एकही तसबीर बाजारात उच्च श्रेणीची नसली तरी चालेल.

समारोप

मुद्रित वस्तूचे बाजारमूल्य दुर्मिळता, अवस्था, अस्सलता, विषय व मालकीपरंपरा यांवर अवलंबून असते, हे अमेरिकेतील कार्डे व महाराष्ट्रातील तसबिरी या दोहोंच्या तुलनेतून दिसून येते. या सर्व निकषांचा पाया एकच आहे : त्या काळच्या बहुसंख्य लोकांनी ती वस्तू जपली नाही. परंतु बाजार ज्या अवस्थेस दोष मानतो, ती अवस्था पुष्कळदा इतिहासाचा पुरावा असते. कुंकवाचा डाग, काजळी, पाठीवरील पेन्सिलीचे अक्षर यांना लिलावाच्या सूचीत स्थान नाही. सामाजिक इतिहासात मात्र त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

लिलावात चित्राची किंमत ठरेल तेव्हा ठरो. त्यापूर्वी कोणीतरी ती तसबीर खिळ्यावरून उतरवून, उलटी करून, मागे काय लिहिले आहे ते वाचले पाहिजे. ते वाचण्याचे प्रशिक्षण आपल्या विद्यार्थ्यांस देणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे काम आहे आणि त्यासाठी उपलब्ध असलेला अवधी फार थोडा आहे.